सहावी काच

हत्तरगे वस्तीवरच्या घरात भिंतीला पाच काचा होत्या. माझ्या वहीत मात्र सहा आहेत. ती सहावी काच कुठून आली एवढंच मला सांगायचं आहे. सांगता सांगता मी स्वतःला वाचवायला लागलो, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. मला ती खोड आहे.

मी गौरीशंकर. धाराशिवच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. लोक मला भूगोलाचे सर म्हणतात. दोन्हींतला फरक मी लग्नाच्या पंगतीतही समजावून सांगितला आहे, आणि समोरचा "तेच की हो ते" म्हणाला की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, भातात खडा लागावा तसे तुम्ही मधे येता. तिचंही खरंच आहे.

मूळचा मी अणदूरचा. किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या घराची एक भिंत गेली, माणसं वाचली. त्यानंतर चार महिने आम्ही बाहेर पालात झोपलो. रोज कुणीतरी यायचं आणि सांगायचं, आज परत होणार, आज जमीन दुभंगणार, अमक्या महाराजांनी तारीख दिलीय. कुणालाच काही ठाऊक नव्हतं आणि प्रत्येकजण ठासून सांगत होता. भूकंपाची मला भीती बसली, पण त्याहून जास्त चीड आली ती या ठासून सांगणाऱ्यांची. पुढं शिकून मी स्वतःच ठासून सांगणारा झालो.

यंदा दिवाळी होऊन बारा-तेरा दिवस झाले होते. मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. जळकोटच्या दक्षिणेला माळावर जमीन हलली, आणि अशी हलली की धाराशिवला आमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटातले खडकांचे नमुने खाली येऊन पडले. लोक रानात होते म्हणून वाचले. तरी एकवीस माणसं गेली. घरात कोण असतं त्या वेळेला? म्हातारे, आजारी, ओल्या बाळंतिणी. तीच गेली.

मोठा धक्का एकदाच येतो, पण त्याच्यामागून लहान धक्के येत राहतात. त्यांचं एक गणित आहे आणि ते गणित मला येतं. जमिनीच्या पोटात खडकाला जुनी चीर असते. ती काही किलोमीटर लांबीभर सरकली की भूकंप होतो. पण सरकून ती जिथं थांबते तिथं काम संपलेलं नसतं. धोतर फाटत जाऊन एका जागी थांबलं, तर सगळा ताण त्या जागच्या धाग्यावर येतो, आणि पुन्हा ओढ बसली की फाटणार ते तिथूनच. पहिले दोन दिवस धक्के सगळ्या चिरेवर विखुरलेले होते. मग मधले शांत झाले आणि टोकांना गोळा व्हायला लागले. पूर्वेचं टोक आठवड्याभरात थंडावलं, पश्चिमेचं थंडावलं नाही. मी रोज नकाशावर लाल टिंबं देत होतो. आधी जळकोट, मग नळदुर्गच्या अलीकडं, मग नळदुर्गच्या पलीकडं, आणि मग माझ्या गावाच्या दिशेनं. दिवसागणिक संख्या कमी होत होती, पुढं सरकायचा वेगही मंदावत होता, पण दिशा बदलत नव्हती.

लोकांनी आपलं गणित आपण मांडलं. अणदूरचा खंडोबा वर्षातले काही आठवडे नळदुर्गला मुक्कामाला असतो, आणि देव नेमका तेव्हाच तिकडं गेला होता. देव गावात नाही म्हणून धक्के गावावर यायलेत, असं पारावर चाललेलं. मी तिथं जाऊन एका सत्तरीच्या माणसाला सगळ्यांसमोर झाडलं. म्हटलं, देव नळदुर्गला आहे तर नळदुर्गला धक्के का बसले? म्हातारा बिचारा गप्प बसला. मला फार बरं वाटलं.

धक्के ज्या दिशेनं येत होते, तिकडची घरं मला माहीत होती. दोन-दोन हात रुंद भिंती, गोल दगडांच्या, मधे नुसती माती. वर माळवद, मातीचं सपाट छत. माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्याच्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतात, जुना कुणी काढत नाही. आजोबांनी टाकलेल्या मातीवर बापाची माती आणि बापाच्या मातीवर लेकाची. पन्नास-साठ वर्षांत डोक्यावर कंबरेइतकी माती होते. घर दिसतं बळकट आणि असतं मात्र जीव घ्यायला टपलेलं. किल्लारीनंतर काही गावं उठली, नवी वसली. आमच्या बाजूच्या वस्त्यांवर मात्र ही घरं तशीच राहिली होती.

सरकारी पाहणी चालू होती, पण ती जळकोटकडून येत होती आणि अणदूरला पोचायला तिला महिना लागला असता. म्हणून मी काचा काढल्या. ही युक्ती जुनी आहे. भिंतीला भेग गेली की तिच्यावर आडवी, वीतभर लांब, पातळ काचेची पट्टी ठेवायची आणि दोन्ही टोकं सिमेंटनं भिंतीला पक्की करायची. भिंत जागची हलली नाही, तर काच धड राहते. केसाइतकी जरी हलली, तरी काच फुटते. अणदूरचा सिदू गवंडी माझ्याबरोबर फिरला. पन्नाशीचा माणूस, तोंडात कायम तंबाखू, हाताला मात्र सफाई. आम्ही बासष्ट घरांना काचा लावल्या. नियम एकच होता. काच फुटली तर घरात पाऊल टाकायचं नाही. आठ दिवस धड राहिली तर आत जायला हरकत नाही, पण झोपायचं दाराजवळ. रोज संध्याकाळी सगळ्यांनी मला कळवायचं आणि मी वहीत लिहायचं.

हत्तरगे वस्ती अणदूरच्या पुढं दीड कोसावर आहे. तिथं वीरप्पा आणि गिरिजाबाई, दोघंच राहत. मुलगा रेवणप्पा पुण्याला कंपनीत. वीरप्पांना दोन वर्षांपूर्वी वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. भूकंप झाल्यापासून त्यांची बाज गोठ्याच्या पत्र्याखाली होती, म्हशीच्या शेजारी. मार्गशीर्षाची थंडी पडायला लागली होती, आणि माळावरचं वारं कुणाची गय करत नाही. त्यांच्या छातीत कफ भरला होता. अणदूरचा डॉक्टर सांगून गेला होता, माणसाला उबेला ठेवा, नाहीतर ही थंडी निघणार नाही. रेवणप्पा पुण्याला न्यायला आला, तेव्हा वीरप्पांनी डाव्या हातानं बाजेचा गात, कडेचा दांडा, असा घट्ट धरला की तो सुटेना.

सिदू भिंतीला पहिली काच लावत होता तेव्हा गिरिजाबाई पदर खोचून बघत उभ्या होत्या. साठ-पासष्टच्या असतील. कपाळाला विभूती, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या गच्च.

"सर, ही फुटली म्हंजे?"

"फुटली तर कळेल भिंत हलतेय म्हणून. फुटली तरी काढायची नाही. तशीच राहू द्यायची."

"फुटकी काच घरात ठिवायची? आजारी माणसाच्या घरात?"

मी हातातली पट्टी खाली ठेवली आणि भाषण दिलं. काच फुटण्यात अशुभ काही नसतं, भिंत पडण्यात असतं, वगैरे. सिदू खाली मान घालून सिमेंट कालवत होता. गिरिजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमी शिकलेले. तुमचं ऐकती म्या."

पाच भेगांना पाच काचा लागल्या. निघताना मी आणखी दोन पट्ट्या पेपरात गुंडाळून त्यांच्या हातात दिल्या आणि म्हणालो, "नवीन भेग दिसली तर सिदूकडून काच वाढवून घ्या. किती वाढल्या ते मला सांगा."

गिरिजाबाईंचा चेहरा एकदम उतरला. उजवा हात डाव्या मनगटावर गेला आणि बांगड्यांवर जाऊन थांबला. "असं बोलू न्हाय, सर," त्या म्हणाल्या. "मालक असे पडल्यात. वाढवा काय म्हणताव?"

"सर शहरातले झालेत, मावशी," सिदू हसून म्हणाला. "मनावर घेऊ नगा."

मीही हसलो. बाईंचं अजून अशुभ-शुभच चाललंय असं मला वाटलं. काय झालं म्हणून विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण पुढं अजून चार वस्त्या व्हायच्या होत्या आणि आपलं काही चुकलं असेल ही शंका मला सहसा येत नाही.

बाकीचे लोक मोबाईलवर काचेचे फोटो पाठवायचे. गिरिजाबाईंकडं साधा फोन होता, त्या फोन करायच्या. वेळ ठरलेली, दिवा लावून झाला की. "पाची धड हाईत सर," एवढंच बोलायच्या आणि मग विचारायच्या, "मालकास्नी कवा आत न्यावं?" मी सांगायचो अजून सहा दिवस, अजून पाच दिवस. पाठीमागून खोकला ऐकू यायचा. ढास लागली की फोनवर त्या गप्प व्हायच्या, थांबली की बोलायच्या. सहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "सर, भिंतीखाली जीव जातोय का थंडीनं जातोय, एवढंच बघायचं ऱ्हायलंय. तुमी म्हणचाल तसं." मी म्हणालो, दोनच दिवस, मावशी. मला त्यांची कळकळ कळत होती. आज आठवतं ते फार वेगळ्या अर्थानं, पण तेव्हाही कळत होती हे खरं आहे.

दुसऱ्या घरांतल्या काचा फुटत होत्या. त्या आठवड्यात अकरा फुटल्या, नऊ अणदूरच्या पूर्वेच्या अंगाला. लोकांनी फोटो पाठवले, खाली लिहिलं, 'सर काच फुटली'. मी त्यांना बाहेर काढलं. त्यांतलं एक घर दोन दिवसांनी खरंच बसलं, आणि आत कुणी नव्हतं. ही बातमी पसरली. लोक मला हात जोडायला लागले. ज्या म्हाताऱ्याला मी पारावर झाडलं होतं, तोही म्हणाला, सरांना जमिनीच्या पोटातलं दिसतं. मी नको नको म्हणालो, पण मनातून सुखावलो.

आठव्या दिवशी संध्याकाळी एका वृत्तवाहिनीचे लोक कॉलेजात आले. मुलाखत होती. मला खुर्चीत बसवलं, मागं नकाशा लावला, एक मुलगी माझ्या कॉलरला माईक लावत होती. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.

"सर, गिरिजाबाई बोलतीय."

"बोला मावशी. काचा कशा आहेत?"

पलीकडून अगदी हळू, "सर, एक वाढली."

"वाढली का? बरं झालं. बाकीच्या?"

"बाकीच्या धड हाईत."

"मग आज आठ दिवस झाले. न्या त्यांना आत."

माईक लावणारी मुलगी माझ्याकडं बघून घाई करायच्या खुणा करत होती.

"आत न्हेऊ? सर, एक वाढलीय म्हणलं म्या."

"ऐकलं हो मावशी. वाढली तर चांगलंच झालं की. बाज दाराजवळ ठेवा, डोकं दाराकडं."

"चालतंय म्हणता?"

"मी सांगतोय ना."

"तुमी म्हणताव तर न्हेते," त्या म्हणाल्या. "तुमास्नी खालचं दिसतंय. आमाला काय कळतंय."

मी खिशातून वही काढली आणि मांडीवर ठेवून लिहिलं, हत्तरगे, ६, धड. मग कॅमेऱ्याकडं बघून जिल्ह्याला धीर दिला. धक्क्यांची संख्या रोज घटते आहे, असं म्हणालो. ते खरं होतं. संख्या घटली तरी एखादा मोठा धक्का उशिरानं येऊ शकतो, विशेषतः टोकाला, हेही मला माहीत होतं आणि वर्गात मी ते दरवर्षी सांगतो. पण त्या मुलीनं हसून "म्हणजे आता काळजीचं कारण नाही?" असं विचारलं, आणि मी म्हणालो, "नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरातला टांगता दिवा हलला. मी चहा तसाच टाकून संगणकापाशी गेलो. दहा मिनिटांत आकडा आला, चार पूर्णांक सात. जागा, अणदूरच्या पश्चिमेला, अगदी माझ्या शेवटच्या टिंबापुढं, त्याच रेषेत. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला आनंद झाला. मी बायकोला हाक मारून नकाशा दाखवला. म्हटलं, बघ, म्हणालो होतो ना. ती नकाशाकडं बघत म्हणाली, "तिथं वस्ती आहे का कुठली?" तेवढ्यात सिदूचा फोन आला.

"सर, लौकर या. वीरप्पा गेले."

तुळजापूर, नळदुर्ग करत मी कसा पोचलो ते आठवत नाही. रस्ताभर एकच विचार डोक्यात होता. सहा काचा धड होत्या. सहाच्या सहा धड असताना भिंत एका झटक्यात जाते, असं होऊ शकतं का? होऊ शकतं, मी स्वतःला सांगत होतो, चार पूर्णांक सातला होऊ शकतं. म्हणजे माणूस गेला होता आणि मी माझं गणित वाचवत होतो.

वस्तीवर सगळं धुळीनं माखलं होतं. उत्तरेची भिंत बाहेर पडली होती आणि माळवद आत. सगळी माती, तीन पिढ्यांची. त्या ढिगातून लोकांनी बाज उपसून काढली होती, ती मोडली नव्हती. वीरप्पांना अंगणात घोंगडीवर ठेवलं होतं आणि वर पांढरं धोतर घातलं होतं. भूकंप झाला तेव्हा गिरिजाबाई गोठ्यात चुलीवर त्यांच्या अंगधुणीचं पाणी तापवत होत्या, म्हणून त्या वाचल्या. ते पाणी अजून चुलीवरच होतं.

पूर्वेची भिंत अर्धी उभी होती. मी तिच्यापाशी गेलो, कारण माणसांपाशी जायचं धाडस होत नव्हतं. भिंतीवरच्या दोन काचांतली एक धड होती. दुसरी बरोबर मधून फुटली होती. दोन्ही टोकं सिमेंटमधे पक्की होती आणि मधे बोटभर फट. आत्ताच्या धक्क्यानं फुटली असेल, असं मी स्वतःशी म्हणालो. मग मला दिसलं की फुटलेल्या जागेच्या शेजारी, भिंतीवर, विभूतीची तीन बोटं ओढलेली आहेत. फुटक्या काचेचा दोष जाऊन घराचं बरं व्हावं म्हणून कुणीतरी ओढलेली. धुळीनं ती मळली होती, म्हणजे ती धुळीच्या आधीची होती.

"सिदू," मी म्हणालो, "सहावी काच कुठं लावलीस?"

"कसली सहावी?"

"यांच्याकडं वाढवलीस ना काल-परवा?"

सिदूनं तोंडातली तंबाखू थुंकली. गोठ्यात गेला आणि फळीवरून पेपराची गुंडाळी घेऊन आला. मीच बांधलेला दोरा होता, गाठही माझीच. आत दोन पट्ट्या होत्या, दोन्ही.

"काल सांच्याला मालकास्नी आत न्यायला मावशीनं मला बोलावलं," सिदू म्हणाला. माझ्याकडं न बघता बोलत होता. "बाजंचं एक टोक म्या धरलं, एक तिनं. आत जाताना म्या बघितली काच. म्हणलं, मावशी, ही तर फुटलीय. ती म्हणली, सरास्नी सांगितलंय, सर चालतंय म्हणले. मंग म्या काय बोलणार? तुमी म्हणला म्हणून आत घातलं सर. न्हायतर म्या कशाला घातलं असतं?"

मी गिरिजाबाईंकडं गेलो. त्या वीरप्पांच्या पायाशी बसल्या होत्या, हात त्यांच्या पावलांवर. डोळे कोरडे होते. मी खाली बसलो आणि विचारलं. विचारायची ती वेळ नव्हती, पण विचारल्याशिवाय मला राहवेना.

"मावशी, काल तुम्ही एक वाढली म्हणालात. काच फुटली असं का नाही म्हणालात?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. काही कळत नसलेल्या पोराकडं बघावं तसं बघत होत्या.

"तिन्हीसांजंला? दिवा लावल्यावर?" त्या म्हणाल्या. "मालक अंथरुणावर असताना फुटली कसं म्हणू सर? वाढली म्हणलं म्या. दोनदा म्हणलं."

दोनदा म्हणाल्या होत्या. मला दोन्हीदा ऐकू आलं होतं. माझ्या अर्थानं घेतलं तरी नवी काच म्हणजे नवी भेग, तेवढंही मी थांबून विचारलं नव्हतं.

माझी आई कधी बांगडी फुटली म्हणाली नाही. बांगडी वाढली म्हणायची. सणाच्या आधी कासाराकडं जाताना म्हणायची, दोन वाढल्यात, नव्या भरून येते. दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो, हेही तिनंच मला शिकवलं होतं. अणदूरात कुणीही लहान मूल हे सांगेल. मला माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत होतं आणि आठवलं नाही, कारण त्या आठवड्यात वाढवा हा शब्द माझा होता, मी तो वाटला होता, आणि आपण दिलेला शब्द समोरचा आपल्याच अर्थानं परत देईल अशी माझी खात्री होती. इतर एकसष्ट घरांनी फोटो पाठवले. या एका बाईनं मला विश्वासानं, तिच्या रीतीनं, जपून, खरं तेच सांगितलं. तिनं चुकीचं काहीच केलं नाही. फुटकी काच मी सांगितली म्हणून भिंतीवर राहू दिली, वेळेवर फोन केला, उलट विचारून खात्री करून घेतली. मी म्हणालो, मी सांगतोय ना.

दुपारी रेवणप्पा पुण्याहून आला. त्याला कुणी काय सांगितलं मला माहीत नाही. त्यानं मला नमस्कार केला. मला वाटत होतं त्यानं माझ्या कानफटात मारावी. अजून वाटतं.

आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. वस्तीच्या मागं, त्यांच्याच रानात, वीरप्पांच्या वडिलांच्या शेजारी खड्डा घेतला. खणताना जमीन दोनदा बारीक हलली आणि खणणारे थांबले, वर बघत राहिले. कुणीतरी मला विचारलं, "सर, अजून किती दिवस?" मी काही बोललो नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच बोललो नाही. वीरप्पांना बसवलं, विभूती लावली, बेलाची पानं वाहिली. जंगमांनी मंत्र म्हटले. माती टाकायला मीही पुढं झालो. मूठ उचलली, आणि हीच का ती माळवदाची माती, असा विचार मनात आला. पण ती रानातली काळी माती होती.

नंतर अंगणात बायका गिरिजाबाईंना घेऊन बसल्या. गावातली एक तरुण सून म्हणाली, आता हे कशाला, विधवांच्या या रीती बंद म्हणून गावानं ठराव केलाय, नकोच हे. गिरिजाबाई म्हणाल्या, "माझ्या मालकाचं हाय. म्या करणार." शेजारच्या वस्तीवरच्या कमलबाई, वयानं त्यांच्याएवढ्याच, त्यांनी एक पाटा आणून समोर ठेवला. गिरिजाबाईंचा हात आपल्या हातात घेतला आणि हलक्या आवाजात, जसं म्हणायचं असतं तसंच म्हणाल्या, "गिरिजाबाई, बांगड्या वाढवायच्या हाईत."

गिरिजाबाईंनी हात मागं घेतला. मान वर करून त्या पुरुषांच्या घोळक्याकडं बघायला लागल्या. एकेक चेहरा बघत गेल्या. मी सगळ्यात मागं, गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होतो. मी त्यांना सापडलो.

"फोडायच्या हाईत म्हणा, कमलबाई," त्या म्हणाल्या. "सरास्नी वाढवा म्हणलेलं कळत न्हाय."

आणि माझ्याकडं बघतच त्यांनी हात पाट्यावर ठेवला.